भीज पाऊस

जून महिन्यातला गुरुवार. टीम जेवायला उठली, मी उठले नाही.

“चल की.”

“आज रोजा आहे.”

शेजारच्या डेस्कवरचा मित्र बुचकळ्यात पडला. “अगं, तुमची ईद मार्चमध्येच झाली ना? शीरखुर्मा आणला होतास की तू.”

“ईद झाली. पण माझा रमजान अजून संपला नाहीये.”

त्याला वाटलं, मी काहीतरी भारी आध्यात्मिक बोलतेय. मी फक्त हिशेब सांगत होते. 2025 मध्ये आपल्याकडे ईद 31 मार्चला झाली, आणि त्या दिवशी माझ्या खात्यावर सात रोजे बाकी होते. जूनमधला तो त्यातला दुसरा.

हा हिशेब बऱ्याच जणांना माहीत नसतो, म्हणून आधी तो सांगते. मासिक पाळीच्या दिवसांत बाईने नमाज पढायची नसते आणि रोजाही ठेवायचा नसतो. पाळी संपल्यावर नमाज पुन्हा सुरू होते. सुटलेल्या नमाजा माफ असतात, त्या भरून काढायच्या नसतात. रोजे मात्र भरून काढायचे असतात. त्याला कजा म्हणतात. म्हणजे ईदच्या दिवशी अब्बा आणि भाऊ नवे कपडे घालून ईदगाहकडे निघतात तेव्हा त्यांचा महिना पूर्ण झालेला असतो. घरातल्या बहुतेक बायकांच्या नावावर पाच, सहा, सात असे दिवस शिल्लक असतात. ते पुढच्या रमजानपर्यंत कधीतरी ठेवायचे. एकटीने. सहेरीला उठवणारं कुणी नाही, इफ्तारला भज्यांचा वास नाही, कुणी “आज कितवा रोजा?” असं विचारणारं नाही.

लहानपणी मला हा अन्याय वाटायचा. अम्मी भर पावसाळ्यात एखाद्या दिवशी गुपचूप उपाशी असायची. भावाला ते कळू नये म्हणून चहाचा कप हातात घेऊन स्वयंपाकघरात जायची आणि तो तिथेच ठेवून द्यायची. आता अठ्ठाविसाव्या वर्षी मला वाटतं, ईदनंतर सगळ्यांना पडणाऱ्या एका जुन्या प्रश्नाचं उत्तर त्या न प्यालेल्या चहाच्या आसपास कुठेतरी आहे.

प्रश्न साधा आहे. रमजानमध्ये जे जमतं ते नंतर का जमत नाही?

शव्वाल म्हणजे रमजाननंतरचा महिना. त्यातल्या पहिल्या जुम्म्याला बहुतेक मशिदींत याच विषयावर बोललं जातं. रमजानमध्ये ज्याची इबादत केली तोच शव्वालमध्येही आहे, मग रांगा एवढ्या कमी का झाल्या, असं इमामसाहेब विचारतात. प्रश्न बरोबर आहे. पण तो नेहमी असा विचारला जातो की जणू लोकांची इच्छाशक्ती चंद्र दिसताच विरघळली. मला ते पटत नाही. मी सिस्टिम्सवर काम करते. एखादी गोष्ट एका ठिकाणी चालते आणि दुसरीकडे चालत नाही, तेव्हा आम्ही पहिल्यांदा विचारतो की दोन ठिकाणच्या वातावरणात फरक काय आहे.

तर फरक बघा. रमजानमध्ये मी मिरजेला घरी असते तेव्हा साडेचारला उठायला अलार्म लागत नाही. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होते, वरच्या मजल्यावर बादली सरकते, अम्मी दोनदा हाक मारते. पाणी पिताना सगळ्यांचं लक्ष एकाच घड्याळाकडे. दिवसभर घरातलं कुणीच खात नाही, त्यामुळे न खाणं हीच सरळ गोष्ट असते. रात्री तरावीह. आमच्याकडे बायका ती घरीच पढतात. दोन शेजारणी येतात, तोंडपाठ असलेल्या छोट्या छोट्या सूरह घेत वीस रकात पूर्ण होतात. मध्येच कुणाची तरी मुलगी जानमाजवर झोपून जाते. या सगळ्यात शिस्त माझी एकटीची नसते. ती गल्लीची असते, मी फक्त तिच्यात बसलेली असते.

ईदच्या चंद्राबरोबर ही सगळी व्यवस्था एका रात्रीत उठते. चार दिवसांनी मी वाकडच्या फ्लॅटवर परत. दोन रूममेट, त्यांतली एक रात्रपाळीची. रस्त्यापलीकडच्या इमारतीचं काम रात्रंदिवस चालू. सकाळी दहाला स्टँड-अप मीटिंग, संध्याकाळी मगरिबच्या वेळेला हमखास ‘जरा दोन मिनिटं कॉल घेऊ या का’. माणूस तोच असतो, पण त्याच्या भोवतीचं सगळं काढून घेतलेलं असतं. मग रमजानचा वेग तसाच टिकावा ही अपेक्षा मुळात कुणी केली?

माझ्या पिढीने या प्रश्नावर शोधलेलं उत्तर म्हणजे ॲप. नमाजच्या वेळा दाखवणारी, किती पानं वाचली ते मोजणारी, सलग किती दिवस झाले याचा आकडा चढवणारी. त्या आकड्याला ‘स्ट्रीक’ म्हणतात हे तुम्हाला माहीतच आहे. भाषा शिकायच्या ॲपमध्ये तो असतो, व्यायामाच्या ॲपमध्ये असतो, आणि इबादतीच्या ॲपमध्येही असतो. एक दिवस चुकला की शून्य.

मी असं एक ॲप वापरत होते. आकडा एकवीस-बावीसवर जायचा आणि पाळी आली की शून्यावर. ज्या दिवशी नमाज न पढणं हाच नियम आहे, त्या दिवशी ॲप मला सांगत होतं की तू मोडलंस. बनवणाऱ्याच्या डोक्यात वापरणारी बाई आलीच नव्हती. आता काही ॲप्समध्ये त्यासाठी पर्याय आले आहेत, पण मला त्या वेळी एक गोष्ट लख्ख दिसली. आमच्या फिक्हमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रीय नियमांमध्ये, खंड गृहीत धरलेला आहे. पाळीचा खंड, आजाराचा, प्रवासाचा, बाळंतपणाचा. प्रत्येक खंडाच्या पुढे परत यायची वाट लिहून ठेवली आहे. नमाज माफ, रोजा नंतर ठेवा, प्रवासात चार रकातीच्या दोन करा. कुठेही ‘शून्य’ नाही.

मग मी स्वतःसाठी एक साधी शीट केली. तिच्यात सलग दिवसांचा रकाना नाही. तारीख आहे, काय केलं ते आहे, आणि एक रकाना आहे ‘सूट’ नावाचा. महिन्याच्या शेवटी मी बेरीज करते. एवढंच.

पण शीटवर सगळं उमटत नाही. ते मला अम्मीने शिकवलं.

2024 च्या रमजानच्या आधी अम्मीचं इन्सुलिन सुरू झालं. मधुमेह जुना होता, गोळ्यांवर चालला होता. डॉक्टरांनी या वेळी सरळ सांगितलं, रोजे नाहीत, या वर्षीही नाहीत आणि पुढेही नाहीत. अम्मीने मान हलवली. रिक्षात बसेपर्यंत काही बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, “रोजाच नै तो रमजान कायका?” आमच्या घरी दखनी बोलतात. त्या ‘कायका’मध्ये जे होतं ते मला मराठीत आणता येत नाही. लग्नाच्या आधीपासून, चाळीसेक वर्षं, कजा धरून तिचा एकही रोजा बाकी राहिलेला नव्हता. तिचं शिक्षण सातवीपर्यंत. नोकरी नाही, घराबाहेर तिच्या नावावर काही नाही. रोजा ही तिची स्वतःची कमाई होती, आणि ती एका कागदावरच्या तीन ओळींनी थांबली होती.

तो महिना घरात अवघड गेला. आम्ही सगळे उपाशी आणि तिला अकरा वाजता काहीतरी खाणं भाग. ती भिंतीकडे तोंड करून खायची. मी फोनवर तिला पुन्हा पुन्हा सांगायचे की आजाऱ्याला सूट आहे, ती अल्लाहनेच दिलेली आहे. ती “हो बेटा” म्हणायची. तिला नियम माहीत होता. तिचं दुःख नियमाबद्दल नव्हतंच.

ज्याला रोजा ठेवणं कायमचं शक्य नाही त्याच्यासाठी फिद्या असतो. प्रत्येक रोजाच्या बदल्यात एका गरजूला जेवू घालायचं. कुरआनच्या दुसऱ्या सूरहमध्ये, अल-बकरामध्ये, ही तरतूद आहे. अब्बा म्हणाले, मी एकदम पैसे देऊन टाकतो. अम्मी म्हणाली, नको, मी रांधते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहते, सगळे तिला नानी म्हणतात. त्या वर्षी रोजे तीस झाले. अम्मीने तीस दिवस नानीला दोन वेळचा डबा दिला. भाकरी, डाळ, एखादी भाजी, कधी अंड्याचा रस्सा. स्वतःच्या पायांनी नेऊन दिला, आणि ती खाईपर्यंत तिथेच बसली.

ईद झाली. ईदनंतरच्या सकाळी अम्मीने परात घेतली आणि दोन भाकऱ्या जास्तीच्या थापल्या. अब्बा म्हणाले, “अगं, फिद्या पूर्ण झाला की.”

“फिद्या झाला. तिची भूक कुठं पूर्ण झाली?”

हे वाक्य मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरते आहे. रमजाननंतर काय टिकवायचं याबद्दल मी पुष्कळ व्हिडिओ पाहिले आहेत, पण एवढं सरळ कुणी सांगितलेलं ऐकलं नाही. महिनाभर आपण एक काम करतो कारण तो महिना ते मागतो. महिना संपल्यावर त्या कामाची गरज संपली का, एवढाच खरा प्रश्न असतो.

रोजचा डबा अम्मीच्या तब्येतीला झेपेना. पंधरा दिवसांत साखर वरखाली झाली. मग तिने तो आठवड्यातून एका दिवसावर आणला, जुमेरात, म्हणजे गुरुवार. तेव्हापासून आजपर्यंत ऐंशीच्या वर जुमेराती झाल्या असतील. अम्मी मोजत नाही. मध्ये ती चार दिवस दवाखान्यात होती, तेव्हा अब्बांनी भात-आमटी करून नेली. नानीने ती खारट झाल्याचं अख्ख्या गल्लीला सांगितलं.

आमच्या शेजारच्या काकू वारकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, घरात रोज हरिपाठ, दर एकादशीला उपवास. मिरजेहून पंढरपूर काही फार लांब नाही, पण त्या चालत जायच्या. 2023 मध्ये आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती, 29 जूनला. त्या दिवशी पंढरपूरसह अनेक ठिकाणी मुस्लिमांनी कुर्बानी पुढे ढकलली, ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. आमच्याकडे त्या दिवशी काकूंसाठी शेंगदाणे आणि केळी गेली, आणि त्यांच्याकडून अम्मीला ईदेच्या शुभेच्छा आल्या. काकूंची चालत वारी मात्र तोपर्यंत बंद झाली होती. गुडघे गेले होते.

अम्मीचं रोजांचं कळल्यावर त्या येऊन बसल्या. बराच वेळ दोघी भाज्यांच्या भावावर बोलल्या. उठताना काकू म्हणाल्या, “पाय थांबले तरी नेम थांबत नाही भाभी. वारी वर्षाची, नेम रोजचा.”

नेम. किती जवळचा शब्द आहे, आणि मी तो आमच्यासाठी कधी वापरलाच नव्हता. माळ घातली म्हणजे नेम आला, आणि वारीला जायला मिळो न मिळो, तो चालूच राहतो. आमच्याकडेही हेच आहे. पैगंबरांच्या एका प्रसिद्ध शिकवणीचा आशय असा की अल्लाहला सगळ्यात आवडणारं काम ते, जे थोडं का होईना पण सातत्याने केलं जातं. ही हदीस आपल्यापर्यंत पोहोचवली ती हजरत आयशांनी. त्यांच्याबद्दलची आणखी एक नोंद मला जास्त जवळची वाटते. रमजानचे आपले सुटलेले रोजे आपल्याला शाबानमध्येच ठेवता यायचे, असं त्यांनी सांगितलं आहे. शाबान म्हणजे पुढच्या रमजानच्या लगेच आधीचा महिना. चौदाशे वर्षांपूर्वी मदिनेतल्या त्या घरातही वर्षाच्या शेवटापर्यंत कजा शिल्लक असायचे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एकदम सोबत मिळाल्यासारखं झालं.

आयशांना एकदा कुणीतरी विचारलं की पैगंबर इबादतीसाठी काही खास दिवस राखून ठेवत होते का. त्यांनी नाही म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या कामाचं वर्णन करायला एक शब्द वापरला, दीमा. अरबीत दीमा म्हणजे गडगडाट नाही, वीज नाही, असा संथपणे पडत राहणारा पाऊस.

वाळवंटातल्या भाषेत यासाठी वेगळा शब्द आहे. आपल्याकडे तर असायलाच हवा, आणि आहेही, भीज पाऊस. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. एप्रिल-मेमध्ये वळीव येतो. काळोख होतो, वारा सुटतो, पत्रे वाजतात, कधी गारा पडतात. तासाभरात रस्त्यातून लोंढे वाहतात आणि हवा थंड होते. पोरं नाचतात. वळवाला कुणी नावं ठेवत नाही. त्याने तापलेली जमीन निवते, मशागतीला सोपी होते. पण वळवावर पीक येत नाही. बी रुजून वर यायला नंतरचा भीज पाऊस लागतो. तो दिवसभर पडला तरी कुणी खिडकीत येऊन बघत नाही. पाणी वाहून जात नाही, जिथे पडतं तिथेच मुरतं आणि ढेकूळ आतून मऊ होतं.

माझ्यापुरतं मी हे असं मांडून घेतलं आहे. रमजान हा वळीव आहे. तो जमीन तयार करतो. तो वर्षभर कोसळत राहावा असं म्हणणं म्हणजे पावसाचं गणितच न कळणं. शव्वालमध्ये मशिदीतल्या रांगा कमी होतात, तेव्हा पाऊस थांबला असं मी लगेच म्हणत नाही. मी एवढंच बघते की त्यानंतर थोडं थोडं काही पडतंय का.

आता प्रत्यक्षात काय, तेही सांगते, कारण नुसत्या उपमेने सकाळी जाग येत नाही.

मदिनेच्या छापखान्यातून निघणारी कुरआनची जी प्रत बहुतेक ॲप्समध्ये दिसते तिची पानं 604. रमजानमध्ये महिन्यात पूर्ण करायची तर दिवसाला वीस पानं. ऑफिसच्या दिवसांत मला ते झेपत नाही, आणि झेपायची गरजही नाही. दिवसाला दोन पानं वाचली तर 302 दिवसांत कुरआन पूर्ण होतो. इस्लामी वर्ष चांद्र असल्यामुळे साधारण 354 दिवसांचं असतं. म्हणजे जवळजवळ पन्नास दिवस हातात शिल्लक राहतात. त्यात पाळी आली, आजारपण आलं, रिलीजचा आठवडा आला, सगळं बसतं. ही पन्नास दिवसांची मोकळीक मी मुद्दाम ठेवली आहे. मोकळीक नसलेली योजना पहिल्याच तापात कोसळते.

दुसरी गोष्ट मी कामावरून उचलली. सर्व्हरवर ताण वाढला की सगळंच बंद पडू नये, जास्तीची फीचर्स आधी बाजूला व्हावीत आणि मूळ काम चालू राहावं, अशी रचना आम्ही करतो. नमाजची रचना तशीच आहे. फर्ज, मग सुन्नत, मग नफिल. दिवसाच्या पाच नमाजांत फर्ज रकाती 17. ज्या आठवड्यात मी ऑन-कॉल असते आणि रात्री दोनला फोन वाजतो, त्या आठवड्यात माझी शीट सतरावर येते. निवांत आठवड्यात ती वर जाते. दोन्ही आठवडे पूर्णच असतात.

तिसरी गोष्ट कजाची. अब्बा शव्वालचे सहा रोजे ईदच्या दुसऱ्या दिवशीच सुरू करतात. रमजान आणि हे सहा मिळून वर्षभराच्या रोजांइतकं पुण्य, अशी हदीस आहे. जुने लोक त्याचं गणितही सांगतात, एका नेकीला दहापट धरली तर तीसचे तीनशे आणि सहाचे साठ. बऱ्याच जणी कजा डिसेंबर-जानेवारीत एकदम उरकतात, कारण दिवस लहान असतात. जूनमध्ये पुण्यात रोजा साडेचौदा तासांच्या आसपास जातो, हिवाळ्यात त्यातले जवळजवळ दोन तास वाचतात. कजा लवकर पूर्ण करणं चांगलं मानतात, पण पुढच्या रमजानपर्यंत मुभा आहे. ती मुभा मी वापरते. सातही रोजे मी वर्षभर पसरून ठेवते, महिना-दीड महिन्याला एक. जो रोजा मला लहानपणी अन्याय वाटायचा, त्याच्यामुळे आता माझ्या मे महिन्यात थोडा रमजान असतो, ऑगस्टमध्ये असतो, ऑक्टोबरमध्येही असतो.

आणि या एकट्या रोजाची एक गोष्ट रमजानच्या रोजात नसते. रमजानमध्ये मी रोजा का ठेवते याची दहा उत्तरं देता येतील. घर, गल्ली, सवय, लाज, मजा, इफ्तार. ऑगस्टमधल्या मंगळवारी यांतलं एकही उरत नाही. पाण्याची बाटली समोर असते, कुणाला कळणार नसतं, आणि तरी मी ती उघडत नाही. त्या वेळी माझं आणि अल्लाहचं जे काही आहे ते, कमी असेल, पण निखळ असतं. अम्मी हातात चहा घेऊन स्वयंपाकघरात जायची तेव्हा तिच्याकडे हेच असणार.

ती आता रोजे ठेवत नाही. 2025 च्या रमजानमध्ये मात्र भिंतीकडे तोंड करून जेवली नाही, आमच्यासमोर बसून जेवली. तिने ते जाहीर वगैरे केलं नाही. मीही काही बोलले नाही, पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला.

हे लिहितेय तेव्हा डिसेंबर संपत आलाय. फज्रची वेळ सहाच्या जवळ सरकली आहे, उठणं तुलनेने सोपं आहे, थंडी सोडली तर. पुढचा रमजान चंद्र दिसेल त्याप्रमाणे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात येईल. माझी पानं चारशेच्या पुढे गेली आहेत. रोजे दोन बाकी आहेत. एक या गुरुवारी ठेवीन. शेवटचा मी शाबानसाठी राखून ठेवला आहे.